वोलास्त्रात वरचा ताल ढासळतो तेव्हा



गेल्या महिन्यात गटवार बैठका झाल्या. सामुदायिक निचरा चराचा विषय निघाला, तेव्हा एका बैठकीत मागच्या बाजूला बसलेले एक सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "माझं रान हाय. मी त्यात ऊस लावीन, न्हाईतर गवत वाढवीन. शेजाऱ्याला त्याचं काय?" बैठकीत हशा पिकला. काहींनी टाळ्याही दिल्या. उत्तर मात्र कोणी दिले नाही. आम्हीही त्या दिवशी गप्प बसलो. सातबारा त्यांच्या नावाचा, घामही त्यांच्याच बापजाद्यांचा. म्हणणे अगदीच खोटे म्हणता येईना.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. त्याचे उत्तर आम्हाला मिळाले ते इटली देशातल्या एका डोंगरावरच्या खेड्याची माहिती वाचताना. आम्ही तिकडे जाऊन आलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर कारखान्याच्या खर्चाने परदेश दौरा झाला म्हणून वार्षिक सभेत प्रश्न यायचा! घरी बसून जे वाचले, समजून घेतले, तेच इथे मांडतो आहोत.

गावाचे नाव वोलास्त्रा. इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर लिगुरिया नावाचा प्रांत आहे. त्यात जेनोव्हा आणि ला स्पेझिया या दोन बंदरांच्या मध्ये, ला स्पेझियाच्या बाजूला, समुद्राच्या कडेला पाच गावे आहेत. मोन्तेरोस्सो, व्हेर्नाझ्झा, कोर्निलिया, मानारोला आणि रियोमाज्जोरे. या टापूला तिकडे 'चिंक्वे तेर्रे' म्हणतात, म्हणजे पाच गावांची भूमी. त्यांतल्या मानारोलाच्या डोक्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३३५ मीटर उंचीवर वोलास्त्रा बसलेले आहे. गाव लहान. एक जुने दगडी देऊळ, म्हणजे त्यांचे चर्च, थोडी घरे, भोवती ऑलिव्हची झाडे आणि द्राक्षमळे. गावाचे नावही ऑलिव्हवरूनच पडले असे सांगतात. खाली मानारोलाला जायला डोंगरातून पायऱ्यांची वाट आहे. उतरताना गुडघे बोलतात आणि चढताना छाती.

आज प्रवासी येतात ते खालच्या मानारोलाला. तिथली रंगीत घरे, खडकावर आपटणाऱ्या लाटा यांची चित्रे जगभर छापली जातात. पण मूळ वस्ती वरची. समुद्रावरून चाचे येत, लूटमार करत, म्हणून लोक डोंगराच्या कुशीत राहत. पुढे ते भय कमी झाले तेव्हा वोलास्त्राचीच माणसे खाली उतरली आणि त्यांनी मानारोला वसवले, असे मानले जाते. म्हणजे जगाला जे दिसते ते खालचे गाव ही वरच्या गावाची शाखा. आणि आजही खालच्या गावाचा जीव वरच्या रानात अडकलेला आहे. तो कसा, हेच सांगायचे आहे.

या मुलखात सपाट जागा जवळजवळ नाहीच. डोंगर थेट समुद्रात उतरतो. कोकणात निदान डोंगर संपल्यावर थोडी भातखाचरे लागतात, इथे तेही नाही. मग या लोकांनी काय केले? सुमारे हजार वर्षांपूर्वीपासून पिढ्यान्‌पिढ्या डोंगराला पायऱ्या पाडल्या. उतार खणायचा, त्यात निघालेल्या दगडांची भिंत रचायची, भिंतीच्या मागे माती भरायची, की एक चिंचोळी पट्टी तयार झाली. तिच्यावर दुसरी भिंत, दुसरी पट्टी. अशा समुद्रापासून पार वरपर्यंत. आपल्याकडे उताराच्या रानाला ताल घालतात तेच काम, पण आपला ताल एखाद्या पुरुषभर असला तर त्याचे कौतुक; तिथे अख्खा डोंगरच तालांनी बांधून काढलेला. या सगळ्या भिंती एका ओळीत मांडल्या तर त्यांची लांबी ७००० किलोमीटरच्या जवळपास भरेल असा अंदाज सांगतात. काश्मीरहून कन्याकुमारीला जावे आणि परत काश्मीरला यावे, एवढी लांबी समजा. ती पाच गावांच्या शेतकऱ्यांनी हाताने रचली.

आणि कशाने रचली? चुना नाही, सिमेंट नाही, चिखलसुद्धा नाही. नुसता दगडावर दगड. कोकणातला माणूस याला गडगा म्हणेल. वरवर अडाणी काम वाटते, पण त्यात मोठे शहाणपण आहे. दर्शनी बाजूला मोठे दगड, भिंत जरा मागे, डोंगराकडे कललेली, आणि दर्शनी दगडांच्या पाठीमागे बारीक दगडांची भर. पाऊस झाला की मातीत मुरलेले पाणी त्या भरीतून झिरपत, दगडांच्या सांध्यांतून हळूहळू बाहेर पडते. भिंत माती धरते, पाणी सोडते. सिमेंट लावून ती पक्की केली असती तर मागे पाणी तुंबून एका पावसाळ्यात फुटली असती. निचरा म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने ही भिंत पाहावी. १९९७ साली युनेस्कोने हा सारा टापू जागतिक वारसा म्हणून जाहीर केला, आणि २०१८ साली इटलीसह आठ देशांतल्या या कोरड्या दगडी बांधकामाच्या कलेलाही वारसा म्हणून मान दिला.

मान मिळाला हे चांगलेच. पण भिंतीला मान कळत नाही, तिला दुरुस्ती कळते. दरसाल पावसाने, मुळांनी, डुकरांनी कुठला ना कुठला दगड हलतो. हो, रानडुकरे तिथेही आहेत. द्राक्षे खातात, माती उकरतात, दगड पाडतात. आपल्या सभासदांना हे वेगळे सांगायला नको. भिंत पडायच्या आधी तिचे पोट सुटते. मधला भाग फुगून पुढे येतो. शेतकरी जाता-येता भिंतीकडे बघत असला की त्याला ते दिसते. तो तेवढा भाग उतरवतो, पुन्हा रचतो, दोन-चार दिवसांचे काम. बघणारे कोणी नसले की एका मोठ्या पावसात ते पोट फुटते. मग वरची माती आणि दगड खालच्या पट्टीवर येतात. तो भार खालच्या भिंतीला पेलत नाही. शिवाय पाण्याने आपली वाट बदललेली असते. आजवर जे सगळीकडे झिरपत होते ते आता एकाच ठिकाणाहून लोंढ्याने उतरू लागते. तिसरी भिंत जाते, चौथी जाते.

आता यात खालच्या शेतकऱ्याचा दोष काय? त्याने आपली भिंत नीट ठेवली होती. वेली छाटल्या होत्या, औषध मारले होते. त्याच्या रानात काहीच चुकले नव्हते. चुकले होते ते त्याच्या डोक्यावर, ज्या रानात त्याला पाय ठेवायचा हक्क नाही, तिथे. आणि त्या रानाचा मालक कदाचित जेनोव्हात, कदाचित पार अमेरिकेत. किंवा मालक एक नसून वारसाहक्काने झालेले पंधरा भाऊबंद, ज्यांतल्या निम्म्यांना आपली अशी जमीन आहे हेही ठाऊक नाही.

"माझं रान, शेजाऱ्याला त्याचं काय?" या प्रश्नाचे उत्तर वोलास्त्राच्या त्या उतारावर दगडांनी लिहिलेले आहे.

पण ज्यांनी रान सोडले त्यांना लगेच नावे ठेवायला आमचे मन घेत नाही. तिथले काम काय आहे ते आधी बघा. वेली माणसाच्या कमरेएवढ्या उंचीच्या मांडवावर सोडलेल्या, कारण समुद्रावरचे खारे वारे सुटले की उंच मांडव टिकत नाही. त्या बुटक्या मांडवाखाली वाकून, कधी गुडघ्यांवर रांगून छाटणी आणि तोडणी करायची. ट्रॅक्टर नाही, बैल नाही, कारण वळायलाच जागा नाही. द्राक्षाची पाटी पाठीवर किंवा डोक्यावर घेऊन पायऱ्या चढायच्या-उतरायच्या. पूर्वी हे ओझे वाहण्यात बायकांचा मोठा वाटा होता. कुठल्या देशात नसतो? अलीकडच्या काळात एका रुळावरून दाते धरून चढणारी, छोट्या इंजिनाची गाडी आली. तिने ओझे कमी केले. पण ती भिंत रचत नाही.

आणि हाती काय येते? बोस्को, अल्बारोला आणि व्हेर्मेन्तिनो या तीन जातींच्या द्राक्षांची पांढरी वाइन. माळकरी सभासदांनी या विषयाबद्दल क्षमा करावी. तसे पाहिले तर ज्यांच्या कारखान्यांना डिस्टिलरी आहे त्यांनी नाक मुरडू नये! त्या मुलखाची खरी खासियत म्हणजे 'शाक्केत्रा' नावाची गोड वाइन. सप्टेंबरात निवडक घड तोडायचे, सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी आठवडेच्या आठवडे वाळवायचे. तासगावकडे शेडमध्ये बेदाणा करतात त्याचीच आठवण यावी. मण्यांतले पाणी उडून साखर वाढली की देठ हाताने काढायचे, कुजका मणी वेचून टाकायचा आणि मग रस. १०० किलो ताज्या द्राक्षांतून फार तर ३०-३५ लिटरच्या घरात वाइन निघते. आपण साखर उताऱ्यात पाव टक्का घटला तर चिटबॉयपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना जाब विचारतो. त्या शेतकऱ्याचा 'उतारा' पाहिला तर डोळ्यांत पाणी येईल.

अशा रानातून माणूस उठला यात नवल काय? १८६९ साली ला स्पेझियाला नौदलाचा मोठा कारखाना सुरू झाला. १८७४ साली किनाऱ्याची रेल्वे पूर्ण झाली. दर महिन्याला बांधील पगार मिळू लागला. बरीच वर्षे लोकांनी दोन्ही सांभाळले. सकाळी कारखान्यात, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी भिंतीवर. मग विसाव्या शतकात मुळांना लागणाऱ्या फायलोक्सेरा किडीने वेली मारल्या. महायुद्धानंतर शहरांतले उद्योग वाढले. पोरे शिकली, गेली. म्हातारे राहिले, तेही गेले. एके काळी हजार हेक्टरच्या वर असलेले द्राक्षाचे क्षेत्र घसरत घसरत १०० हेक्टरच्या आसपास आले. बाकीच्या तालांवर काटेरी झुडपे आणि पाइनची झाडे माजली. नोकरी धरणाऱ्याला पळपुटा म्हणणे सोपे असते. म्हणणाऱ्याने एक हंगाम त्या बुटक्या मांडवाखाली काढून दाखवावा.

आपल्या कामाचा भाग आता येतो. १९७३ साली या पाच गावांतल्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. त्याच वर्षी त्यांच्या वाइनला नाव आणि मूळ ठिकाण सांगणारा सरकारी शिक्का मिळाला, म्हणजे बाहेरची द्राक्षे आणून चिंक्वे तेर्रेच्या नावाने बाटली विकायला कायद्याने बंदी झाली. संस्थेचे वाइनघर मानारोला आणि वोलास्त्राच्या मधल्या ग्रोप्पो या वाडीत आहे. सभासद आपली द्राक्षे तिथे घालतात. वजन होते, प्रत बघतात, भाव मिळतो. वाइन करणे, बाटल्या भरणे, विकणे हे संस्था बघते. ज्याची जेमतेम चार-पाच ताल रान आहे तो एकटा माणूस हे कधीच करू शकला नसता. व्यापाऱ्याच्या दारात उभे राहून मिळेल तो भाव घेण्याची पाळी त्याच्यावर आली असती. हे वर्णन वाचताना आपल्यापैकी जुन्या सभासदांना गुऱ्हाळे आणि गुळाच्या अडत्याचे दिवस आठवल्याशिवाय राहणार नाहीत.

इटलीत सहकाराला मान फार. त्यांच्या १९४८ च्या राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात, परस्पर साह्यावर चालणाऱ्या आणि खाजगी सट्टेबाजीचा हेतू नसणाऱ्या सहकाराचे सामाजिक कार्य राष्ट्राने मान्य केलेले आहे. आपल्याकडे सहकाराला घटनेत वेगळे स्थान मिळायला २०११ ची घटनादुरुस्ती यावी लागली. त्या दुरुस्तीचे पुढे कोर्टात काय झाले तो विषय निराळा.

तर संस्था आली, भाव आला, विक्री आली. मग तरीही ताल का ढासळले?

कारण संस्था द्राक्षाचा भाव देऊ शकते, दुसऱ्याच्या रानातली भिंत रचू शकत नाही. हे नीट लक्षात घ्या. वाइनघराच्या काट्यावर जो येतो तो सभासद. जो येत नाही, ज्याने रान सोडले, तो संस्थेच्या वहीतच नाही. आणि बाकीच्यांना धोका नेमका त्या वहीत नसलेल्या माणसाच्या रानापासून. काम करणाऱ्यांची संस्था काम न करणाऱ्याच्या बाबतीत हतबल. आमच्या मते सहकाराची ही मोठी उणीव आहे आणि आपण सहकारवाले ती कबूल करायला कचरतो. भावाच्या आणि हप्त्याच्या लढाया आपण हिरिरीने लढतो. बांधाला बांध लागून असलेल्या माणसाशी बोलायची वेळ आली की म्हणतो, जाऊ द्या, भावकीचा प्रश्न आहे.

२०११ च्या ऑक्टोबरची २५ तारीख. त्या दिवशी या किनाऱ्यावर काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला. व्हेर्नाझ्झा आणि मोन्तेरोस्सो या दोन गावांत डोंगरावरून पाणी, माती, दगड, झाडे आणि मोटारी एकदमच आल्या. व्हेर्नाझ्झाच्या मुख्य रस्त्यावरची दुकाने छताला टेकेपर्यंत चिखलाने भरली. तिथे तिघांचा जीव गेला, मोन्तेरोस्सोत एकाचा. वोलास्त्रा त्या दिवशी वाचले. पावसाचा मारा त्या बाजूला होता, एवढेच कारण.

नंतर अभ्यासकांनी डोंगरावरचे घसरलेले भाग मोजले. त्यातून निघालेली एक गोष्ट आम्हाला फार विचार करायला लावणारी वाटली. सर्वांत जास्त घसरले ते फार जुने पडीक रान नव्हे. जिथे सोडून कित्येक दशके झाली, तिथे दाट झाडी वाढून मुळांनी मातीला थोडाफार आधार दिला होता. सर्वांत वाईट अवस्था होती ती त्या मानाने अलीकडे सोडलेल्या तालांची. तिथे भिंतीची निगा थांबलेली आणि जंगल अजून आलेले नाही. माणूस गेलेला, आणि निसर्ग परतलेला नाही. अशी मधली वीस-पंचवीस वर्षे सगळ्यांत धोक्याची. कसलेल्या तालांपैकीही काही गेले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एवढ्या पावसापुढे कोणाची शाश्वती नसते. पण धोका कुठे जास्त होता यात शंका राहिली नाही.

म्हणून कोणी "आत्ताच तर सोडलंय, दोन-चार वर्षांनी बघू" म्हणाले की आम्हाला तो अहवाल आठवतो.

आता प्रवाशांबद्दल. १९९९ साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले. दरसाल लाखो माणसे येतात. ती काय बघायला येतात? समुद्र तर सगळीकडे आहे. ती बघायला येतात त्या तालांना. वोलास्त्राहून कोर्निलियाला जाणारी पायवाट थेट द्राक्षमळ्यांतून जाते. डाव्या हाताला, खाली समुद्र आणि उजव्या हाताला माणसाने रचलेला डोंगर. म्हणजे शेतकऱ्याची भिंत हेच तिथले दुकान. पण गल्ल्यावर शेतकरी नाही. गल्ल्यावर खालच्या गावातली खानावळ, खोल्या भाड्याने देणारा, आइस्क्रीमवाला. त्यांचे चुकले असे नाही. तो त्यांचा धंदा आहे. मात्र ज्याच्या पाठीवर हा देखावा उभा आहे त्याच्या पोराला खालच्या खानावळीत ताटे उचलून जास्त पैसे मिळत असतील, तर ते पोर वर कशाला चढेल?

मानारोला आणि रियोमाज्जोरे यांच्यामध्ये समुद्राकाठाने जाणारी एक प्रसिद्ध पायवाट आहे, जेमतेम एक किलोमीटरची. 'प्रेमाची वाट' म्हणतात तिला. २०१२ च्या सप्टेंबरात तिथे दरड कोसळून काही प्रवासी जखमी झाले आणि वाट बंद झाली. ती सगळी उघडायला २०२४ साल उजाडले. बारा वर्षे, आणि पैसा पाण्यासारखा. आता तिला तिकीट आहे. वाट दुरुस्त झाली याचा आनंदच आहे. पण एका वाटेला जे मिळाले त्यातले थोडे दरवर्षी, न चुकता, वरच्या भिंतींना मिळाले असते तर? अर्थात उद्यान काहीच करत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१९ पासून युरोपीय संघाच्या मदतीने मानारोलाच्या वरच्या तालांवर भिंती दुरुस्त करण्याचा आणि नव्या माणसांना ती कला शिकवण्याचा प्रकल्प त्यांनी चालवला. त्यात गावातल्या एका प्रतिष्ठानाने पडीक पट्ट्यांचे मालक शोधले, त्यांच्याशी करार केले आणि काम सुरू केले. मालकी मालकाकडे, काम दुसऱ्याचे. हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण दगड आणण्यापेक्षा मालक शोधणे अवघड असते.

एका शब्दावर मात्र आमचा राग आहे. अशा डोंगरी द्राक्षशेतीला तिकडे 'वीरांची शेती' म्हणतात. त्यासाठी संस्था आहे, नियम आहेत. उतार ३० टक्क्यांच्या वर असला, किंवा रान तालांवर असले, तर ती वीरांची शेती. बाटलीवर शब्द शोभतो. पण शेतकऱ्याने वीर का व्हावे? वीर म्हटले की फुलांचा हार द्यावा लागतो, मजुरी द्यावी लागत नाही. आपल्याकडे 'बळीराजा' म्हणतात तसेच हे. ज्या भाषणात बळीराजा जास्त वेळा येतो त्या भाषणात उसाच्या भावाचा आकडा येत नाही, हा आमचा आजवरचा अनुभव आहे. वोलास्त्राच्या शेतकऱ्याला वीर म्हणण्यापेक्षा त्याच्या भिंतीचा मीटरमागे खर्च द्यावा. देखावा बघणाऱ्यांकडून तो वसूल करावा.

राहिला मालकीचा प्रश्न. २०१४ साली लिगुरिया प्रांताने कायदा करून 'जमिनीची बँक' काढली. पडीक आणि कसायला मिळू शकणाऱ्या जमिनींची नोंद एके ठिकाणी करायची आणि ज्याला कसायची आहे त्याला ती मिळण्याची सोय करायची, अशी ती कल्पना. कुळकायद्याची धास्ती घेतलेल्या आपल्या माणसाला हे ऐकून अंगावर काटा येईल. "म्हणजे जमीन जाणार!" पण इथे मालकी काढून घेण्याचा विषय नाही. ज्याला कसायचे नाही त्याचे रान कसणाऱ्याच्या हाती यावे, एवढीच खटपट. आमच्या मते हा कायदा चाळीस वर्षे उशिरा आला. १९७३ साली वाइनसाठी संस्था काढली तेव्हाच भिंतींसाठी काही बांधील नियम केले असते, तर कित्येक ताल आज उभे असते. मालकाला आपले रान पडीक ठेवायचा हक्क असेल, शेजाऱ्याच्या डोक्यावर पाडायचा नाही. कुठल्याही देशात तो नसावा.

आमच्या कार्यक्षेत्रात डोंगर नाही, दगडी ताल नाहीत. आमची रानं सपाट आणि काळी. पण पाणी खालीच जाते, ते इटलीत आणि इथे सारखेच. वरच्या पट्ट्यात पाटाचे पाणी रात्रंदिवस सोडायचे, ते जमिनीतून मुरत खालच्या शेजाऱ्याच्या रानात उमाळ्यासारखे निघायचे, आणि दहा वर्षांत त्याच्या उसाच्या जागी मिठासारखी पांढरी माती. खालच्या शेजाऱ्याने त्यात काय चूक केली? त्याला हिरवळीचे खत, जिप्सम, चांगले बेणे, सगळे सल्ले देऊन झाले. पाणी मुख्य चरापर्यंत जायला वरच्या दोन रानांतून पाइप जावा लागतो, आणि त्या दोघांची सही नाही, म्हणून सगळे अडले आहे. एकजण पुण्याला असतो, फोन उचलत नाही. दुसरे आमचे मागच्या बाजूचे सभासद.

त्यांचे नाव आम्ही इथे घेत नाही. ते रागाने नव्हे, मनापासून बोलले, आणि रानाशी माया आहे म्हणूनच बोलले. आम्ही परवा त्यांच्या वस्तीवर गेलो. वोलास्त्राची हकीकत सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले, बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारले, "त्या वरच्या भितीचा मालक सापडला का पुढं?" आम्ही म्हणालो, काहींचे सापडले, काहींचे नाही. "मग सापडल्यांनी सही केली?" केली म्हणालो. त्यावर ते उठून जनावरांना वैरण टाकायला गेले.

निचरा योजनेची संमतीपत्रे गट कार्यालयात ठेवलेली आहेत. कार्यालय सकाळी दहा ते संध्याकाळी पाच उघडे असते, रविवारी बंद. बाहेरगावी राहणाऱ्या सभासदांच्या नातेवाइकांनी पत्ते आणि फोन नंबर शेतकी खात्याकडे नोंदवावेत. पाइप टाकण्याचे काम लावणी सुरू होण्याच्या आत व्हायचे असेल तर या महिन्यात सह्या पुऱ्या व्हायला हव्यात.